ज्या दुःखाला कुणी भेटायला येत नाही

जोशींच्या वरच्या खोलीत एक तरुण भाडेकरू म्हणून येतो. पैशांची कटकट नाही, सांगितलेल्या कामाला नाही म्हणत नाही, संस्कृती कशी रसातळाला चालली आहे हे जोशीबाईंचं बोलणं शांतपणे ऐकून घेतो. त्याला आडनाव नाही, घरदार नाही, पुढचे बेत नाहीत. या घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसतं. मग अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या छोट्या कादंबरीचं कथानक एवढंच. तिचं मोठेपण आहे ते सांगण्याच्या रीतीत.

पहिला भाग तनयचा. निघून गेलेल्या माणसाला तो थेट ‘तू’ म्हणून सगळं सांगत राहतो. त्यामुळे प्रेमात पडण्याचे दिवस आपल्यापुढे येतात तेच मुळी गमावल्यानंतर. खोलीतला एखादा साधा प्रसंगही सुखाचा म्हणून वाचता येत नाही. त्याचा शेवट आपल्याला आधीच माहीत असतो. आठवणी क्रमानं येत नाहीत, मागेपुढे होतात. शोकात मन असंच चालतं.

तनय एवढं बोलतो, कारण घरात त्याला बोलता येत नाही. माणूस गेला की आपल्याकडे सुतक असतं, तेरावा असतो, दारात चपलांचा ढीग पडतो. तनयच्या वाट्याला यातलं काही नाही. त्याचं माणूस गेलं आहे हेच कुणाला माहीत नाही. घर अनुजासाठी हादरतं, चिडतं, काळजी करतं आणि त्याच छताखाली तनय दुःखी भावाच्या भूमिकेत उभा राहतो. तो दुःखी आहेच, पण कारण वेगळं आहे.

दुसऱ्या भागात अनुजाची रोजनिशी येते. तिच्या दुःखाला निदान नाव आहे. त्याची शिक्षाही आहे, पण विचारपूसही आहे. लिहिता लिहिता ती पुन्हा स्वतःच्या पायावर उभी राहू लागते. कुंडलकर दोन दुःखांची तुलना करत नाहीत, ती फक्त शेजारी ठेवतात. दोन्ही ठाऊक असलेला एकटा वाचकच असतो. तनयला भेटायला येणारं माणूस तोच.

कादंबरी आली तेव्हा कलम ३७७नुसार तनयचं प्रेम गुन्हा होतं. २०१३ साली जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद आला. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते कलम वैध ठरवलं. सप्टेंबर २०१८मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो गुन्हा संपला.

पण कायदा बदलला म्हणून घर बदलतंच असं नाही. कथा पुण्याची असली, तरी मुलुंड-बोरिवलीच्या दोन खोल्यांत, जिथे रडायला न्हाणीघराची कडी लावावी लागते, तिथल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. प्रेमभंगाच्या गोष्टी मराठीत पुष्कळ आहेत. शोक करायलाही हक्क लागतो आणि तो सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे इतक्या कमी पानांत, कुणालाही खलनायक न करता सांगणारी ही कादंबरी मला फार मोलाची वाटते.