तंजावरचा शिलालेख व तंजावरकरांच्या कथा : एक परीक्षण

चोलमंडलच्या किनाऱ्याकडील मराठ्यांचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार एका दगडावर भिस्त ठेवितात. तंजावरच्या बृहदीश्वर देवालयांत शके १७२५ (इ. स. १८०३) मध्यें कोरविलेला मोठा मराठी लेख हा तो दगड होय. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबुराव यांनीं भोसले कुळाची हकीकत रचिली व ती बालबोध अक्षरांत भिंतीवर उतरली. मराठींतील अतिविस्तृत शिलालेखांत त्याची गणना होते. के. आर. सुब्रह्मण्यम् यांनीं तंजावरच्या मराठे राजांवरील आपल्या १९२८ च्या ग्रंथांत त्याचा उपयोग केला. पुढें १९५१ सालीं सरस्वती महाल ग्रंथालयानें तो ‘भोसलेवंशचरित्र’ या नांवानें प्रसिद्ध केला. लेख अशा रीतीनें सर्वांच्या हातीं आला आहे. परंतु हातीं आलेला कागद आणि पारखलेला कागद यांत अंतर असतें, आणि येथें तर कागदाच्या जागीं पाषाण असल्यामुळें पारख करण्याची इच्छाच मावळते.

दगडावर कोरलें तें अस्सल, ही समजूत आम्हां संग्राहकांत फार रूढ आहे. अस्सल तें खरेंच. पण कशाचें अस्सल? सन १८०३ च्या दरबारी लिखाणाचें तें अस्सल आहे. एकोजी राजांनीं तंजावर घेतलें तें इ. स. १६७५-७६ च्या सुमारास. त्या गोष्टीला हा लेख सव्वाशें वर्षें उत्तरकालीन आहे. हाच मजकूर एखाद्या रुमालांत बखरीच्या रूपानें सांपडता तर आपण त्याला दुय्यम साधनांत ढकलून मोकळे झालों असतों. भिंतीवर चढल्यानें त्याचें वय वाढत नाहीं.

तुलनेसाठीं दूर जावयास नको. त्याच देवालयाच्या पाषाणावर राजराज चोळाचे अकराव्या शतकांतले तमिळ लेख आहेत. आरंभीची राजस्तुति सोडली तर त्यांत काय आहे? देवाला अर्पण केलेल्या सोन्याचें वजन, दिव्यांच्या तुपाची तरतूद, आणि देवालयाच्या सेवेस आणलेल्या चारशें नर्तकींचीं नांवें. कोणती कोठून आली व कोणत्या आळींतील कोणतें घर तिला दिलें हेंही. असल्या रुक्ष यादींत कोणाला कांहीं सिद्ध करावयाचें नसतें, म्हणून ती विश्वासार्ह. बाबुरावांच्या लेखाला मात्र पुष्कळ कांहीं सिद्ध करावयाचें होतें.

तें काय, हें सरफोजी राजांची स्थिति पाहिली म्हणजे समजतें. तुळजाजी राजांनीं १७८७ सालीं मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतलें. दत्तविधान अशास्त्र ठरविण्यांत येऊन गादी अमरसिंगांकडे गेली. पुढें पंडितांचा उलट अभिप्राय पडला आणि १७९८ सालीं इंग्रजांनीं सरफोजींस गादीवर बसविलें. दुसऱ्याच वर्षीं, ऑक्टोबर १७९९ च्या तहानें, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला व राजांच्या हुकमतींत मुख्यत्वें तंजावरचा किल्ला तेवढा उरला. त्यानंतर चार वर्षांनीं हा लेख कोरला गेला. ज्याचा वारसा एकदां नाकारला गेला व ज्याचें राज्य नुकतेंच गेलें, त्यानें आपल्या कुळाची कथा देवाच्या भिंतीवर लिहविली. हा हेतु निंद्य नव्हे, उलट मनास चटका लावणारा आहे. पण ज्या ज्या ठिकाणीं वारसाचा प्रश्न येतो त्या त्या ठिकाणीं हा साक्षीदार स्वतःच पक्षकार आहे, हें परीक्षकानें विसरूं नये.

अशी सर्वांत नाजूक जागा १७३६ ते १७३९ या वर्षांची. दुसरे एकोजी, सुजानबाई, ‘काटुराजा’ म्हणून ओळखला जाणारा तोतया, सयाजी, आणि शेवटीं प्रतापसिंग, इतके धनी तीन-चार वर्षांत झाले. प्रतापसिंगांच्या औरसपणाविषयीं त्या काळींच वाद होता. आणि प्रतापसिंग हे तुळजाजींचे पिते. तेव्हां प्रतापसिंगांचा हक्क डळमळला कीं सरफोजींचाही डळमळतो. येथें दरबारी कथेला पडताळा हवा, आणि तो किनाऱ्यावर मिळतो. सयाजीनें फ्रेंचांस कारिकल देऊं करून मदत मागितली. १७३९ सालीं फ्रेंच तेथें आले. पुढें त्याच सयाजीचा कैवार घेऊन इंग्रज निघाले आणि १७४९ सालीं देवीकोट्टै पदरांत पडतांच प्रतापसिंगांशीं समेट करून मोकळे झाले. या व्यवहारांचे कागद त्या त्या कंपन्यांच्या दप्तरांत आहेत. व्यापाऱ्यांना भोसल्यांच्या वंशशुद्धीशीं कर्तव्य नव्हतें; त्यांना बंदर हवें होतें. त्यांच्याही लेखण्यांना स्वार्थ होता, पण तो निराळा, आणि दोन निराळे स्वार्थ एका गोष्टीवर जुळले तर ती गोष्ट घ्यावी.

एकोजींच्या तंजावरप्रवेशाच्या कथेला हीच कसोटी लावून पाहूं. विजापूरच्या हुकुमावरून एकोजी आले, मदुरेच्या बाजूच्या अळगिरीस हटवून नायकांचा वारस चेंगमलदास यास त्यांनीं बसविलें, आणि मग मनाजोगतें पद न मिळाल्यानें रुष्ट झालेल्या रायसम् वेंकण्णानें त्यांनाच राज्य घेण्यास सुचविलें, अशी कथा सांगतात. जेत्यास ही कथा सोयीची आहे, कारण तीमुळें दोष नायकांच्या कारभाऱ्यावर जातो. तरीही ती निव्वळ भोसल्यांची बनावट म्हणून टाकतां येत नाहीं. नायकांचा वृत्तांत सांगणाऱ्या ‘तंजावूरि आंध्र राजुल चरित्र’ या तेलुगु गद्यग्रंथांतही वेंकण्णा आहेच. पराभूतांची परंपरा जेथें जेत्याच्या कथेला दुजोरा देते तेथें तिच्या गाभ्याला बळ येतें.

शिवछत्रपति व एकोजी यांच्या १६७७ च्या भेटीविषयीं दक्षिणेंतच लिहिलेली दुसरी मराठी साक्ष आपल्याजवळ आहे. कृष्णाजी अनंत सभासदानें आपली बखर जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेनें १६९७ च्या सुमारास लिहिली. वीस वर्षांच्या अंतरावरची ती साक्ष. आणि तीही थोरल्या घरची. धाकट्या घरच्या पाषाणाशीं ती जुळते कोठें व फाटते कोठें, हें ओळीशीं ओळ लावून पाहिलें पाहिजे. केवळ उतारे देऊन भागणार नाहीं.

लोकांच्या तोंडच्या गोष्टींची तर याहून मौज. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मुदपाकखान्यांत संभाजी महाराजांसाठीं प्रथम झाला, असें हल्लीं वारंवार छापून येतें. सांगणारे समकालीन कागद एकही दाखवीत नाहींत. शब्दाच्या सारखेपणावर उभारलेली ही इमारत आहे. सांबार चवीनें खावें, पण पुराव्यांत वाढूं नये. उलट पक्षीं, समुद्रकांठीं मल्लिपट्टणाजवळ सरफोजींनीं बांधविलेला मनोरा पाहा. नेपोलियनवर इंग्रजांनीं मिळविलेल्या जयाचें तें स्मारक. तंजावरच्या राजाला दुसऱ्याच्या विजयाचा स्तंभ उभारावा लागला, एवढी एक गोष्ट १८०३ च्या लेखाखालीं टीप म्हणून लिहून ठेवण्याजोगी आहे.

खरें धन मोडी कागदांत आहे. तरंगंबाडी येथें डेन लोकांची वखार १६२० पासून १८४५ पर्यंत होती. त्यांच्याबरोबर गेलेले तंजावरचे मोडी कागद एलिझाबेथ स्ट्रांडबर्ग या विदुषीनें १९८३ सालीं संपादून छापिले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानें १९८९ सालीं तेथील मोडी कागदांचें तमिळ भाषांतर खंडशः काढिलें. मराठी कागद मराठी वाचकानें तमिळांतून वाचावे हा योग चमत्कारिक खरा, पण काम झालें हें त्या विद्यापीठाचें श्रेय.

हा विषय समुद्रापासून इतक्या लांब, पैनगंगेकडील फुलसावंगीस बसून कां काढावा, असें कोणी विचारील. देशमुख-पांड्यांच्या घरीं कुळाची करीना निघाली म्हणजे आपणही तिला बाबुरावांच्या लेखाइतकाच मान देतों. अशी करीना बहुधा वतनाच्या तंट्यांत, हक्क शाबीद करण्यासाठीं लिहिलेली असते. ती हातीं आल्यास प्रथम तिची तारीख पाहावी, मग त्या तारखेस तंटा कोणाशीं चालला होता तें पाहावें, आणि मूळपुरुषाकडे सर्वांत शेवटीं वळावें. तंजावरच्या लेखाच्या पुढील आवृत्तींतही हाच क्रम असावा : शेजारीं सभासद, कंपन्यांचीं दप्तरें व मोडी कागद यांचे वेंचे द्यावे, आणि १७३६ ते १७३९ चा भाग प्रथम हातीं घ्यावा.