हवेतलं फॉर्माल्डिहाइड आणि डिटेक्शन लिमिटचा घोळ

विषय शोधताना 'कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने हवेतील कार्बोनिल संयुगांचे मापन' अशा धाटणीचे पेपर हमखास समोर येतात. कार्बोनिल म्हणजे फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅसिटोन वगैरे मंडळी. हे पेपर मला आवडतात, पण माझा एक आक्षेप आहे.

आधी चांगली बाजू. रुळलेली पद्धत म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची १९९९ ची टीओ-११ए. डीएनपीएच लावलेल्या कार्ट्रिजमधून हवा ओढायची, तयार झालेले हायड्रॅझोन अ‍ॅसिटोनायट्राइलने धुऊन काढायचे आणि एचपीएलसीवर मोजायचे. एचपीएलसीत मिनिटाला साधारण १ मिली द्रावक वाहतो. कॅपिलरीत दिवसाचं काम काही मिलीत भागतं. हायड्रॅझोनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे साधं इलेक्ट्रोफोरेसिस इथे चालत नाही. तिथे तेराबे यांनी १९८४ मध्ये मांडलेली मायसेलची युक्ती उपयोगी पडते. वेगळं करण्याचं काम सुरेखच होतं.

आता आक्षेप. गोषवाऱ्यात छापलेली डिटेक्शन लिमिट बऱ्याचदा द्रावणातली असते, हवेतली नाही. हिशोब करून बघा. समजा, लिमिट मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम फॉर्माल्डिहाइड आहे. मिनिटाला १ लिटरने अर्धा तास हवा ओढली, म्हणजे ३० लिटर. कार्ट्रिज ५ मिलीत धुतली. म्हणजे किमान ५ मायक्रोग्रॅम सापडायला हवं. हवेत ते घनमीटरला सुमारे १६७ मायक्रोग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची अर्ध्या तासाची मर्यादा १०० आहे! म्हणजे हवा धोकादायक असली तरी आपण 'आढळले नाही' असं लिहून मोकळे.

मग जास्त वेळ हवा ओढू? इथे आमचं दोंडाईचा आठवतं. मे महिन्यातल्या रणरणत्या दुपारी हवेत ओझोन तयार होतो आणि तो कार्ट्रिजमधल्या डीएनपीएचवर आणि हायड्रॅझोनवरही हल्ला करतो. म्हणून आधी पोटॅशियम आयोडाइडची नळी लावतात. पावसाळ्यात तीच ओल धरते. प्रयोगशाळेत कार्ट्रिजवर द्रावण टाकून ९८ टक्के रिकव्हरी दाखवली, तरी यातलं काहीच कळत नाही.

एवढी चिकित्सा कशाला? भारताच्या २००९ च्या हवा मानकांत १२ प्रदूषकं आहेत, फॉर्माल्डिहाइड नाही. माणसात कॅन्सर करणारं म्हणून ते सिद्ध आहे, चुलीच्या आणि कपाशीच्या काड्यांच्या धुरातही ते असतं. स्वस्त पद्धतीची खरी गरज आपल्यासारख्या गावांनाच आहे. म्हणूनच तिचा दावा कसून तपासायला हवा.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा क्रोमॅटोग्रामच्या देखण्या शिखरांआधी तीन गोष्टी शोधा: हवा किती लिटर, ब्लँक किती आणि ओझोनचं काय केलं. उत्तरं नसतील, तर तो पेपर द्रावणाबद्दल आहे, हवेबद्दल नाही.