अपारंपरिक ते जीवाश्मेतर : भारतीय ऊर्जाधोरणाच्या परिभाषेची चिकित्सा

मराठीतील परिभाषाचर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : इंग्रजी संज्ञेसाठी योजलेला प्रतिशब्द सुबोध आहे की क्लिष्ट? भाषा संचालनालयाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, हा वाद चालू आहे आणि त्यात विनोदी लेखकांनीही आपला वाटा उचलला आहे. परंतु संज्ञेचा खरा गुणदोष तिच्या उच्चारसुलभतेत नसून तिच्या व्याप्तीत असतो. प्राचीन नैयायिकांनी लक्षणाचे जे दोष सांगितले, त्यांतील अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन दोष राज्यकारभाराच्या परिभाषेला लावून पाहण्याची प्रथा मराठीत पडलेली नाही. ती का पडावयास हवी, हे सूर्य, वारा व पाणी यांपासून वीज निर्माण करण्याच्या भारतीय धोरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य विषयावरून होईल. या क्षेत्रात संज्ञा बदलली की आकडा बदलतो, आणि आकडा बदलला की सिद्धी बदलते.

प्रथम नावांचा इतिहास पाहू. तेलाच्या जागतिक दरवाढीनंतर भारत सरकारने १९८१ साली जो आयोग नेमला, त्याच्या नावात 'अतिरिक्त' ऊर्जास्रोत असा शब्द होता. १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला तेव्हा 'अतिरिक्त' जाऊन 'अपारंपरिक' आले. १९९२ मध्ये विभागाचे मंत्रालय झाले, तरी विशेषण तेच राहिले. २००६ मध्ये मंत्रालयाचे नाव 'नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा' असे झाले. त्यानंतर, विशेषतः २०१५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारांच्या भाषेत, 'जीवाश्मेतर' (वृत्तपत्री मराठीत 'बिगर-जीवाश्म') ही चौथी संज्ञा पुढे आली. हे चार शब्द मराठी लेखनात एकमेकांचे पर्याय म्हणून सर्रास वापरले जातात. एकाच अग्रलेखात तीन शब्द आढळावेत आणि लेखकाला शैलीच्या वैविध्यापलीकडे त्यात काही दिसू नये, अशी स्थिती आहे. वस्तुतः हे चार शब्द म्हणजे चार निरनिराळी कुंपणे होत.

'अतिरिक्त' हा शब्द निदान प्रामाणिक होता. मुख्य ताट कोळशाचे, तेलाचे व मोठ्या धरणांचे; ही त्यावरची वाढप, एवढेच त्याला म्हणायचे होते. 'अपारंपरिक'ची गोष्ट वेगळी. ज्या देशात शेतकऱ्याच्या घरची चूल शतकानुशतके लाकूडफाटा आणि शेणी यांवर पेटली, धान्य, मिरची व मासळी उन्हात वाळली आणि गलबते वाऱ्यावर चालली, त्या देशात सूर्य, वारा व शेण यांना अपारंपरिक म्हणणे आणि एकोणिसाव्या शतकात आलेल्या दगडी कोळशाच्या वाफेला पारंपरिक म्हणणे, हा परंपरेच्या अर्थाचाच विपर्यास होय. ही संज्ञा ज्या समाजात घडली तेथील परंपरा कोळशाची होती. भाषांतर करताना शब्द आला, त्याच्या पोटातील इतिहासही आला, आणि तो कोणी तपासला नाही. गंमत अशी की, लोकांनी स्वतः स्वीकारलेल्या शब्दात असा घोटाळा झालेला नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने प्रसार केलेल्या सयंत्राला मराठी खेड्याने 'गोबर गॅस' म्हटले. शेणाला मराठी शब्द घरचाच असताना हिंदी 'गोबर' आणि इंग्रजी 'गॅस' यांचा हा संकर शुद्धिवाद्यांना खटकला असेल; परंतु वस्तू कशापासून होते आणि काय देते हे तो नेमके सांगतो.

महाराष्ट्र शासनाचे २०१५ चे धोरण 'नवीन व नवीकरणीय' असे म्हणून 'अपारंपरिक' कंसात घालते. २०२० चे धोरण मात्र पुन्हा 'अपारंपरिक ऊर्जा' या नावानेच निघाले. केंद्राने चौदा वर्षांपूर्वी टाकलेला शब्द राज्याने पुन्हा शीर्षकात घ्यावा, यामागे काही विचार होता असे दिसत नाही. सवय होती. (याच कागदपत्रांतून 'स्रोत' हा शब्द नित्य 'स्त्रोत' असा छापला जातो, याचीही नोंद असावी.)

'नवीकरणीय' हा शब्द रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. 'नव'ला च्वि प्रत्यय लागून 'नवीकृ', म्हणजे जे नवे नव्हते ते नवे करणे. त्यावर 'अनीयर्' हा कृत्य प्रत्यय. हा प्रत्यय शक्यता दाखवतो तसाच कर्तव्यही दाखवतो. पूजनीय म्हणजे ज्याची पूजा करता येते एवढेच नव्हे, तर करावी असा. तेव्हा नवीकरणीय म्हणजे ज्याचे नवीकरण होऊ शकते आणि जे कोणीतरी केलेही पाहिजे असे. मूळ इंग्रजी शब्दात न डोकावणारा हा कर्तव्याचा अर्थ संस्कृत प्रत्ययाने आयताच दिला आहे, आणि तो फार मोलाचा आहे. कारण सूर्याचे नवीकरण कोणालाच करावे लागत नाही. लाकडाचे करावे लागते. त्यासाठी झाड लावणारा, जमीन व पाणी लागते. 'अक्षय ऊर्जा' हा हिंदीत रूढ झालेला आणि २००४ पासून २० ऑगस्टच्या 'दिवसा'मुळे परिचित असलेला शब्द याच्या उलट आहे. अक्षय म्हणजे ज्याला क्षयच नाही ते, द्रौपदीच्या थाळीसारखे. तो सूर्याला व वाऱ्याला शोभतो, परंतु साखर कारखान्यातील बगॅसला शोभत नाही.

बगॅसचे उदाहरण महाराष्ट्रापुरते तरी जरा थांबून पाहण्यासारखे आहे. २०१५ च्या राज्यधोरणात सहवीजनिर्मितीसाठी १,००० मेगावॅटचे आणि २०२० च्या धोरणात १,३५० मेगावॅटचे उद्दिष्ट होते. उसाचे चिपाड दरवर्षी नवे मिळते हे खरे. पण ते मिळते उसाला पाणी मिळाले तर, आणि वीज मिळते गाळप हंगाम चालेल तोवर. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात त्या नवीकरणाची किंमत कालव्याने आणि विंधनविहिरींनी चुकवलेली असते. 'अक्षय' शब्द ही किंमत झाकतो. 'नवीकरणीय' ती विचारण्यास वाव ठेवतो. म्हणून हे दोन शब्द पर्याय न मानता, प्रवाहरूप स्रोतांना पहिला आणि पुन्हा भरून काढाव्या लागणाऱ्या साठ्यांना दुसरा, अशी विभागणी करणे शास्त्राला धरून झाले असते. 'पुनर्नवीकरणीय' असे जे अलीकडे लिहिले जाते त्यात मात्र द्विरुक्तीखेरीज काही नाही.

आता व्याप्तीकडे. मोठी धरणे या कुंपणाच्या आत की बाहेर? अनेक वर्षे भारतीय व्यवस्थेत २५ मेगावॅटपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय आणि त्याहून मोठा तसा नव्हे, अशी रेषा होती. १,९६० मेगावॅटचे कोयना केंद्र या हिशेबाने नवीकरणीय नव्हते. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठे जलविद्युत प्रकल्पही नवीकरणीय ठरविले आणि कोयनेच्या पाण्याचा एक थेंबही इकडचा तिकडे न होता ते केंद्र त्या वर्गात आले; त्याबरोबर देशभरातील सुमारे ४५,००० मेगावॅटही आले. तत्त्वतः या निर्णयावर आक्षेप घेणे कठीण आहे. २५ मेगावॅटची रेषा निसर्गात कोठेही नाही, ती मंत्रालयांच्या कामवाटपात होती. निर्णयातही असे स्पष्ट केले होते की, वन व पर्यावरणविषयक परवानग्यांत लहान प्रकल्पांना मिळणारी वेगळी वागणूक मोठ्यांना आपोआप मिळणार नाही. दोष निर्णयात नाही. दोष आहे तो, संज्ञेची व्याप्ती बदलल्यानंतर जुने आकडे आणि नवे आकडे एकाच शब्दाखाली शेजारी शेजारी मांडण्यात.

याचा परिणाम २०२२ अखेर दिसला. त्या वर्षापर्यंत १७५ गिगावॅट गाठण्याचे उद्दिष्ट २०१५ मध्ये ठरले होते : सौर १००, पवन ६०, जैव १० आणि लघुजल ५. त्यात मोठ्या धरणांना स्थान नव्हते. डिसेंबर २०२२ अखेरची सिद्धी १६७.७५ गिगावॅट अशी सांगितली गेली, आणि ऐकणाऱ्याला वाटले की काम जवळजवळ पुरे झाले. परंतु या बेरजेत मोठी जलविद्युत ४६.८५ गिगावॅट होती. ती वजा केली तर उरतात १२०.९. म्हणजे मूळ लक्षणाप्रमाणे सुमारे ५४ गिगावॅट कमी. सात-आठ वर्षांत सौरक्षमता शून्याजवळून ६३ गिगावॅटपर्यंत नेणे ही लहानसहान गोष्ट नव्हे, आणि खरा आकडा सांगितल्याने तिचे मोल कमी झाले नसते. ज्याने दोन्ही आकडे वेगळे छापलेले तक्ते पाहिले त्याला कोणी फसविले नाही हेही खरे. परंतु वृत्तपत्राचा वाचक तक्ते पाहत नाही. तो शब्द वाचतो.

चौथ्या शब्दाबरोबर आणखी एक बदल झाला व तो अधिक सूक्ष्म आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'पंचामृत' या नावाने पाच संकल्प मांडले. त्यांपैकी एक, २०३० पर्यंत ५०० गिगावॅट जीवाश्मेतर क्षमतेचा. आणि दुसरा, ऊर्जेची निम्मी गरज नवीकरणीय स्रोतांतून भागविण्याचा. ऑगस्ट २०२२ मध्ये हे संकल्प औपचारिक राष्ट्रीय योगदानात उतरले तेव्हा या दुसऱ्या संकल्पाच्या जागी, एकूण स्थापित विद्युत्क्षमतेपैकी सुमारे ५० टक्के जीवाश्मेतर स्रोतांची, असे शब्द आले. 'नवीकरणीय'च्या जागी 'जीवाश्मेतर' आले आणि 'ऊर्जेची गरज' याच्या जागी 'स्थापित क्षमता'. पहिल्या बदलाने अणुऊर्जा आत आली. 'अपारंपरिक'प्रमाणेच 'जीवाश्मेतर' ही निषेधात्मक संज्ञा आहे : वस्तू काय आहे हे न सांगता काय नाही एवढेच ती सांगते, आणि अशा संज्ञेत अतिव्याप्ती जवळजवळ अटळ असते.

दुसरा बदल त्याहून मोठा आहे. 'क्षमता' आणि 'ऊर्जा' यांतील भेद मराठी माध्यमाच्या विज्ञानपुस्तकांत 'शक्ती' आणि 'ऊर्जा' अशा शब्दांनी शिकवला जातो, पण व्यवहारात तो टिकलेला नाही. 'अणुशक्तीनगर' या नावातला 'शक्ती' हा शब्द पुस्तकातील शक्ती नव्हे, ऊर्जाच. घरच्या वीजबिलावर मात्र भेद स्वच्छ आहे : मंजूर भार किलोवॅटमध्ये, वापर युनिटमध्ये. एक मेगावॅटचे यंत्र वर्षभर अखंड पूर्ण भाराने चालले तर ८७.६ लाख युनिट होतील. सौर प्रकल्प रात्री बंद असतो, ढग आले की मंदावतो; १९ टक्के वापराने तो सुमारे १६.६ लाख युनिट देतो. कोळशाचे केंद्र ७० टक्के चालले तर ६१ लाखांवर युनिट देते. मेगावॅटाला मेगावॅट समान मानून केलेली निम्मी म्हणून युनिटांत निम्मी होत नाही. जून २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता ४८४.८ गिगावॅट होती आणि तीत जीवाश्मेतर २४२.८, म्हणजे नेमकी निम्मी. उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठल्याची घोषणा त्याच शब्दांत योग्यच होती. पण त्या २४२.८ मधून मोठी धरणे (४९.४) आणि अणुऊर्जा (८.८) काढली तर उरलेला भाग एकूण क्षमतेच्या ३८ टक्के भरतो, आणि २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सात दशांशाहून अधिक वीज कोळशाचीच होती. 'भारताची निम्मी वीज आता स्वच्छ' असे मराठीत लिहिणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या हाती असलेली भाषाच दोन गोष्टींना एक नाव देते.

सिद्धीविषयी हे झाले. संभाव्यतेचा आकडाही शब्दावरच उभा आहे. भारताची सौरसंभाव्यता ७४८ गिगावॅट हा अंदाज राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने केला व तो पुढे अनेक वर्षे उद्धृत होत राहिला. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६४.३२ गिगावॅट आणि राजस्थानचा १४२.३१. हा अंदाज ज्या गृहीतावर आहे ते असे की, देशातील 'पडीक' जमिनीच्या तीन टक्के क्षेत्रावर पट्ट्या बसवाव्यात. सूर्य किती तळपतो हा प्रश्न भौतिकीचा. जमीन पडीक कोणती, हा मात्र भाषेचा आणि महसुलाचा. २०१९ च्या राष्ट्रीय नकाशासंग्रहाप्रमाणे अशी जमीन ५ कोटी ५७ लाख हेक्टर, देशाच्या सुमारे १७ टक्के आहे. मूळ इंग्रजी संज्ञा जमिनीला निरुपयोगी ठरवते. मराठी 'पडीक' तसे ठरवीत नाही. ते 'पडणे' या क्रियेवरून आलेले असून, आज नांगर चालत नाही एवढेच सांगते, उद्या चालेल. शिवाय महसुली मराठीत जिरायत, वरकस, पोटखराबा, गुरचरण, गायरान असे जे शब्द आहेत, त्यांत जमिनीच्या वापराचे बारीक भेद साठवलेले आहेत. इंग्रजीतील एक शब्द या सर्वांवर पडला आणि भेद पुसले गेले. माळढोक पक्ष्याच्या नावातच माळ आहे. त्याचा राजस्थानातील अधिवास आणि सौर व पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्या यांचा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला, २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश झाला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करण्यात आला. ज्या भूमीला एका खात्याने अधिवास म्हटले तिलाच दुसऱ्याने ओसाड म्हटले होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उभा राहतो. (शिवारात 'वाहिनी' हा शब्द कोणाच्याही तोंडी नाही, तेथे तो 'फीडर'च आहे.) २०१७ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये विस्तारलेल्या या योजनेचा हेतू, शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी, हा नितांत योग्य आहे. रात्री-अपरात्री पाणी धरायला जाणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो याविषयी वाद घालणार नाही. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला २०२३ नंतर हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये ठरले आणि ग्रामपंचायतींना विकासकामांसाठी अनुदान. सरकारी जमिनींत मात्र गायराने आली. 'गायरान' हा शब्द मालकी सांगत नाही, वापर सांगतो : गाईंचे रान. सातबाऱ्यावर धनगराचे नाव नसते. शेळ्या राखणाऱ्या विधवेचेही नसते. मराठवाड्यात कित्येक भूमिहीन दलित कुटुंबे गायरान कसत आली आहेत, आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जो देशव्यापी सत्याग्रह केला त्याच्या मागण्यांत अशा जमिनी होत्या. प्रस्तावाच्या कागदावर हीच जमीन 'शासकीय पडीक' म्हणून लिहिली गेली, तर त्या जमिनीवरचा माणूस कोणी हटविण्यापूर्वीच वाक्यातून गेलेला असतो. 'गायरान' असे लिहिले, तर निदान गाय कोणाची हे ग्रामसभेत विचारावे लागते.