मानदंडाचा कर्ता कोण?

दूरच्या खरीददाराने कापूस पिकविणाऱ्यास शिस्त लावावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मँचेस्टरच्या गिरणीमालकांच्या पुढाकाराने १८५७ मध्ये कापूस-पुरवठा संघ स्थापन झाला आणि भेसळीविषयीच्या तक्रारी वाढल्यावर १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीस आळा घालणारा कायदा झाला. त्या काळी तंतूच्या शुद्धतेची चिंता होती. आज पाणी, माती आणि मजूर यांच्या रक्षणाची आहे. हेतू निश्चितच उंचावला आहे. परंतु मानदंड ठरविणारा एक आणि पाळणारा दुसरा, ही मूळ रचना पालटली आहे काय, एवढाच प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

परीक्षणासाठी ‘बेटर कॉटन’ हा मानदंड घेऊ. २००५ मध्ये वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेने बोलाविलेल्या चर्चेतून ही कल्पना निघाली. त्या चर्चेत आयकिया, एच अँड एम, आदिदास यांसारखे मोठे खरीददार होते. २००९ मध्ये संस्था उभी राहिली आणि २०१०-११ च्या हंगामात भारतात पहिले पीक आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित मसुद्यात व्यवस्थापन, नैसर्गिक संसाधने, पीकसंरक्षण, तंतूची गुणवत्ता, सन्मान्य काम आणि शाश्वत उपजीविका अशी सहा तत्त्वे आहेत.

या तत्त्वांची निकड नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू शकत नाही. नागपूर आणि आदिलाबाद येथील शेतकऱ्यांची पाहणी करून वागेनिंगेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कीटकनाशकांवरील खर्च घटल्याचा व नफा सुधारल्याचा निष्कर्ष काढला आहे. शिवाय शेतकऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही. सदस्य कंपन्या आपल्या खरेदीच्या प्रमाणात ते देतात. तेव्हा ही योजना म्हणजे केवळ देखावा आहे, असे म्हणता येत नाही.

तथापि, मसुद्याचे वाचन व्याकरणाच्या अंगाने केले असता एक गोष्ट ध्यानी येते. त्यातील विध्यर्थी वाक्यांचा कर्ता उत्पादक आहे. त्याने नोंद ठेवावी, त्याने घातक औषधे वर्ज्य करावीत, त्याने मजुरांस सन्मानाने वागवावे. खरीददाराने अमुक भाव द्यावा, भाव कोसळल्यास अमुक भार उचलावा, असे वाक्य तेथे नाही. किमान भावाची हमी या योजनेत नाही. भाव बाजारावर सोडलेला आहे. ‘शाश्वत उपजीविका’ हे तत्त्व आले खरे, परंतु तेही उत्पादकाच्याच कर्तव्यांत मोजले गेले. उपजीविका ज्या भावावर अवलंबून, तो भाव मात्र मानदंडाच्या कक्षेबाहेर राहिला.

हे वाचन हिंगोलीच्या काळ्या जमिनीवर ठेवून पाहावे. येथे सोयाबीन व हळद यांच्या जोडीला कापूस आहे आणि तो मुख्यतः कोरडवाहू आहे. पाऊस लांबला तर दुबार पेरणी, पुढे गुलाबी बोंडअळी, अखेरीस खेडा खरेदीत ओलावा आणि कवडी दाखवून पाडलेला भाव, असा त्या शेतकऱ्याचा हंगाम असतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. परंतु महामंडळाच्या केंद्रापर्यंत पोहोचेतो थांबण्याची ताकद प्रत्येकाजवळ नसते. अशा शेतकऱ्याने नोंदवही निर्दोष ठेवली, तरी तिच्या शेवटच्या रकान्यात भाव दुसराच कोणी लिहितो.

दुसरा आक्षेप श्रेयाविषयी आहे. जिनिंगपर्यंत हा कापूस वेगळा ठेवावा लागतो. त्यापुढे तो इतर रुईत मिसळला तरी चालतो आणि तेवढ्याच वजनाचे केवळ हिशेबी श्रेय साखळीतून वर जाते. २०२३ च्या अखेरीस प्रत्यक्ष माग ठेवण्याची सोय झाली. तिचे आश्वासन मूळ देशापर्यंत पोहोचण्याचे आहे. ‘भारत’ एवढे कळल्याने सेनगाव किंवा कळमनुरीचा शेतकरी ग्राहकास कळत नाही. पुण्य दुकानाच्या पाटीवर आणि कष्ट अनामिक, अशी ही वाटणी आहे. याच जिल्ह्यातील ‘वसमत हळद’ या नावास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानेही भाव हमखास मिळत नाही. पण तेथे गावाचे नाव मालाबरोबर वर चढते, हा भेद लहान नाही.

यावर असे म्हटले जाईल की, मोठ्या खरीददारांच्या दडपणावाचून काहीच हलत नाही. हे अंशतः मान्य करावे लागते. परंतु दडपण हे ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने दायित्वही वाहिले, तर त्यास सुधारणा म्हणता येत नाही. ते ओझ्याचे स्थलांतर होय. म्हणून अभ्यासकांनी अशा मानदंडांचे मूल्यमापन करताना शेतकऱ्याने किती नियम पाळले, एवढेच मोजून थांबू नये. खरीददाराने किती वर्षांचा करार केला, कोणता भाव दिला आणि वाईट हंगामात तो टिकला काय, हेही त्याच तक्त्यात यावे. मसुद्यात खरीददार कर्ता म्हणून येईल, त्या दिवशी आमच्या संशयास जागा उरणार नाही.