पुढचे गाणे

माझी एक भाची पनवेलहून रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाते. प्रवासभर तिच्या कानांत इअरफोन असतात. गाणी मात्र ती निवडीत नाही. तिचा फोन निवडतो. एक संपले की त्याच्याच जातकुळीचे दुसरे तो आपण होऊन पुढे करतो, आणि ते पहिल्या ओळीत पटले नाही तर अंगठ्याच्या एका दाबाने तिसरे हजर! गेल्या पावसाळ्यात परतीच्या गाडीत या यंत्राने, कुणास ठाऊक कसा, मल्लिकार्जुन मन्सूरांचा एकनिषाद बिहागडा तिच्या कानात सोडला. एरवी तो अर्ध्या मिनिटात निकालात निघाला असता. पण कुर्ल्याला अशी गर्दी चढली की हात वर काढण्याची सोय उरली नाही. सबंध ऐकावा लागला. घरी येऊन म्हणाली, "मामा, आधी काहीच कळेना. मग एकाएकी गाडीतून उतरूच नये असे वाटायला लागले!"

पूर्वी हे गर्दीचे काम टंचाई करीत असे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी एका अंगाला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. घरात पाच-दहा तबकड्या म्हणजे केवढा संग्रह! न आवडलेली बाजूही दहादा लागे, आणि अकराव्यांदा आवडून जाई. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले, तेव्हा माडगूळकर-फडक्यांची ती ५६ गीते वर्षभर, आठवड्याला एक या बेताने श्रोत्यांपुढे आली. नवे येईपर्यंत आधीचे ओठांवर रुळायला सवड मिळे. आज तीच ५६ गीते एका रविवारी ऐकून संपवता येतील, आणि सोमवारी त्यातले पहिले कोणते हे आठवणार नाही.

वाचकहो, जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. १९९८ साली मुंबईची लोकल पनवेलपर्यंत आली. त्याआधी तिकडची रात्रीची मैफल ऐकायची तर आम्हांला आप्तांकडे मुक्काम टाकावा लागे. मन्सूर तर १९९२ सालीच गेले. त्यांना माझ्या भाचीच्या कानापर्यंत आणले ते या फोनने, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. पण आणून देणारे यंत्र आणि घालवून देणारा अंगठा यांची अशी जोडी जमली आहे की ऐकणारा रिकामाच राहतो.

याउलट आमच्या आसपासच्या आगरी गावांतली हळद पाहावी. पूर्वापार तिथे धवलारीण धवले म्हणते. हल्ली तिच्या मागोमाग ध्वनिवर्धकांच्या भिंती येतात आणि यूट्यूबवर परवा आलेले आगरी-कोळी गाणे रात्रभर वाजते. त्या आवाजाचा मला मनस्वी त्रास होतो. पण नवे गाणे आपलेसे करण्याची रीत म्हणून विचाराल, तर इअरफोनहून ही सरस! तिथे एकट्याने गाणे पुढे ढकलता येत नाही. मावश्या, काके, पोरेटोरे सारी त्याच चालीवर नाचतात, आणि हंगामातल्या तिसऱ्या हळदीला ते सर्वांना पाठ असते. त्यांतली कित्येक गाणी अगदी सुमार. चाल दोन ओळींतच आटते, पुढे नुसता ठेका. मात्र ती सुमार आहेत हे पुरती ऐकून ठरलेले असते.

यंदा नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानानंतर फराळाच्या वेळी, भाचीचा आणि माझा करार झाला आहे: तीन गाणी तिची, तीन माझी, मध्ये कुणी हात लावायचा नाही. तिचे पहिले गाणे रॅप आहे म्हणे. फोन उंच कोनाड्यात, दोघांच्याही हाताला लागणार नाही असा ठेवायचा ठरला आहे.