दुसऱ्या सूत्राचा दिग्विजय

ग्रंथालयशास्त्रावरील पुस्तक वाङ्मयीन टीकेचा विषय व्हावे, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. सूची, वर्गीकरण आणि नोंदवह्या यांचा ज्यात ऊहापोह, त्या पुस्तकात रसिकाने शोधावे तरी काय? तथापि शि. रा. रंगनाथन् यांचा ‘द फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स’ हा १९३१ साली मद्रासेत प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ या समजुतीस ठळक अपवाद आहे. नव्वदांहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याची पाच सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आजही मुखोद्गत असतात : ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वर्धिष्णु संस्था आहे. मुखोद्गत असणे आणि वाचलेले असणे यांत मात्र अंतर आहे. प्रस्तुत लेखकाने हा ग्रंथ अलीकडे पुन्हा साद्यंत वाचला, आणि एका प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम ग्रंथाच्या गुणांविषयी. रंगनाथन् हे मूळचे गणिताचे अध्यापक. परंतु त्यांची शैली गणिताची नाही, पुराणाची आहे. त्यांची सूत्रे चालतात, बोलतात, वाद घालतात आणि प्रसंगी रागावतातही. दुसऱ्या सूत्रावर तर ग्रंथकर्त्याचे विशेष प्रेम दिसते. एका प्रकरणात त्या सूत्राचा झगडा वर्णिला आहे व पुढच्या प्रकरणास ‘दिग्विजय’ असे आपल्याकडील नावच दिले आहे. रघूने किंवा पांडवांनी दिशा जिंकाव्या, त्याप्रमाणे हे सूत्र देशोदेशी संचार करीत, ग्रंथ हा मूठभरांचा ठेवा आहे या जुन्या समजुतीचा पाडाव करीत जाते. आकडे आणि अहवाल यांच्या रुक्ष सामग्रीतून अशी रसाळ कथा उभी करणे हे सामान्य लेखकाचे काम नव्हे.

परंतु कथेचा नायक सूत्र आहे, आणि दोषाचे बीजही येथेच आहे. नायक दिग्विजयास निघाला की कवी त्याच्या रथाचे वर्णन करतो. रथ हाकणाऱ्याने त्या दिवशी काय खाल्ले, हे सांगत नाही. ग्रंथपालाच्या वेतनाविषयी व प्रतिष्ठेविषयी रंगनाथन् यांनी पहिल्या सूत्राच्या विवेचनात तळमळीने लिहिले आहे, हे त्यांच्या बाजूने आवर्जून सांगितले पाहिजे. तरीही ग्रंथ मिटल्यावर मनात राहतात ती सूत्रे; एकाकी ग्रंथपाल राहत नाही. सूत्र सत्य आहे म्हणून ते जिंकेल, असा काहीसा भाबडा भरवसा ग्रंथभर दरवळतो.

गंमत अशी की, या भरवशाचे खंडन खुद्द ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच आहे. त्याचे प्रकाशक कोण? मद्रास ग्रंथालय संघ. हा संघ १९२८ साली स्थापन झाला. त्याने १९२९ मध्ये ग्रंथपालांसाठी उन्हाळी शिक्षणवर्ग सुरू केला, १९३१ मध्ये हा ग्रंथ छापला आणि १९३३ मध्ये रंगनाथन् यांची वर्गीकरणपद्धतीही प्रसिद्ध केली. १९३१ सालीच मन्नारगुडी येथे ग्रंथांनी भरलेली बैलगाडी खेड्यापाड्यांतून फिरू लागली. खुद्द रंगनाथन् १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ते काम त्यांस इतके नीरस वाटले की पुन्हा अध्यापनाकडे वळण्याची त्यांची इच्छा होती. पुढे ते इंग्लंडास गेले. तेथे बेरविक सेयर्स या अनुभवी ग्रंथपालाचे मार्गदर्शन त्यांस लाभले आणि चालती ग्रंथालये त्यांनी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा त्यांचे मन पालटले. त्याच सेयर्स यांनी पुढे या ग्रंथास प्रास्ताविक लिहिले. व्यवसायबंधूंचा आधार म्हणतात तो हाच. तो मिळाला नसता, तर हिंदुस्थानास गणिताचा आणखी एक चांगला अध्यापक लाभला असता आणि पाच सूत्रे लिहिलीच गेली नसती.

विलायतेत असा आधार १८७७ पासून संघटित स्वरूपात होता, अमेरिकेत १८७६ पासून. आपल्याकडे अखिल भारतीय ग्रंथालय संघ १९३३ साली कलकत्त्यास जन्मला, मुंबई ग्रंथालय संघ १९४४ साली. मराठी माणसास तर या बाबतीत जुना अभिमान बाळगण्यास जागा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले आणि ग्रंथांच्या लाकडी पेट्या खेड्यांत फिरविल्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्यान्वये ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली, अनुदान ठरले, आणि जिल्हा, विभाग व राज्य या तीन पायऱ्यांवर ग्रंथालय संघांस मान्यता मिळाली. या संघांनी अधिवेशने भरविली, ग्रंथपालनाचे प्रमाणपत्र-वर्ग चालविले आणि अनुदानवाढीसाठी शासनाचे दार ठोठावले. हे काम थोडे नव्हे.

परंतु नावाकडे नीट पाहावे. हे संघ ग्रंथालयांचे आहेत, ग्रंथपालांचे नव्हेत. सभासद संस्था असते, आणि संस्थेच्या वतीने बोलतात ते बहुधा तिचे अध्यक्ष वा कार्यवाह. महाविद्यालयीन ग्रंथपालांनी आपल्या निराळ्या संघटना उभारल्या. विज्ञानसंस्थांतील ग्रंथपालांनी मुंबईत उभारली. सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचारीही वेतनश्रेणीसाठी वर्षानुवर्षे मागणी करीत आले आहेत. तथापि ‘ड’ वर्गाच्या खेडेगावातील ग्रंथालयात जो एकटा मनुष्य बसतो, त्यास यांपैकी कोणाची सावली पोहोचते? २०१२ च्या वाढीनंतर कित्येक वर्षे अशा ग्रंथालयाचे सबंध वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते. ग्रंथखरेदी, भाडे, वीज आणि वृत्तपत्रे यांस एक कवडीही न देता ते सगळे त्याच्या हाती ठेवले, तरी महिन्यास २,५०० रुपयेच होतात.

येथे एक अनुभव सांगणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहान ग्रंथालयाचे काम पाहतो. गेल्या पावसाळ्यानंतर तो भेटीस आला. ग्रंथालयाचे छप्पर गळून दोन कपाटे भिजली होती. त्याने सगळी पुस्तके घाईने अंगणात उन्हात पसरली. साध्या कागदाची पुस्तके वाकडीतिकडी झाली, पण तगली. मुलांची गुळगुळीत कागदावरील चित्रमय पुस्तके मात्र वाळता वाळता एकेक वीट बनली. पाने सुटेनात. ओल्या पुस्तकांत टिपकागद घालून ती सावलीत, वाऱ्यावर वाळवावी, आणि गुळगुळीत कागदाची पाने ओली असतानाच हलकेच सुटी करावी, हे त्यास महिन्याभराने कोठेतरी वाचावयास मिळाले. “सर, विचारायचे कोणाला हेच ठाऊक नव्हते. संघाचे पत्र येते ते कार्यवाहांच्या नावाने. ते वाचून सांगतील तेवढे आम्हाला कळते.” पुढे समितीने नुकसानीचा हिशेब त्याच्याकडेच मागितला. तो काहीशा ओशाळलेपणाने म्हणाला, “आता मी कपाटाला कुलूप लावतो, सर. पुस्तक बाहेर गेले तर भरून द्यायचे कुठून?”

हे वाक्य ऐकताच रंगनाथन् यांचे पहिले सूत्र आठवले, आणि त्यातील उणीवही ध्यानात आली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत हे त्या तरुणास मान्य आहे. ते त्याने परीक्षेत लिहूनही दिले आहे. कुलूप अज्ञानाने पडले नाही, भीतीने पडले. केंद्र शासनाच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ हरवले, आणि त्यात अप्रामाणिकपणा वा हयगय नसली, तर तो तोटा वाजवी समजावा. हा नियम खेड्यातील समितीस कायद्याने बांधून घेत नाही. परंतु शासन स्वतःच्या ग्रंथपालांस एवढी मोकळीक देते, ही गोष्ट कोणी त्या समितीस दोन ओळींच्या पत्राने कळविली असती, तर कदाचित कुलूप निघाले असते. ते दोन ओळींचे पत्र लिहिणे, हेच व्यावसायिक संघाचे काम आहे. निर्धास्त ग्रंथपाल कपाट उघडे ठेवतो, आणि निराधार ग्रंथपाल ते बंद करतो. सूत्राचा विजय किंवा पराभव त्या कुलपाशी ठरतो.

आता या पायथ्यावरून आणखी वर, नर्मदेच्या काठी जाऊ. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात मणिबेली हे आदिवासींचे गाव आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाचा फटका महाराष्ट्रात प्रथम बसला तो याच गावास. जवळचे शूळपाणेश्वराचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. कित्येक कुटुंबे परमुलखी वसविली गेली. उरलेली डोंगरउतारावर वर सरकली. या गावाचे नाव जगभर गेले आहे. १९९४ साली ४४ देशांतील ३२६ संस्थांनी मोठ्या धरणांस जागतिक बँकेने द्यावयाच्या कर्जाविरुद्ध जे घोषणापत्र काढले, त्यास ‘मणिबेली घोषणापत्र’ असे नाव आहे. या धरणावरील स्वतंत्र समीक्षेचा अहवाल १९९२ सालचा. धरणांविषयीच्या जागतिक आयोगाचा अहवाल २००० सालचा. आपल्या कित्येक शहरांवर लिहिले गेले नसेल, इतके या खोऱ्यावर लिहिले गेले आहे, आणि ते बहुतांशी इंग्रजीत आहे. प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, असे तिसरे सूत्र म्हणते. ज्याचे शेत त्या पानांतून बुडाले, त्याच्याहून त्या पानांचा अधिक हक्काचा वाचक कोण? पण ती पाने त्याच्या बोलीत सांगणारा, निदान मराठीत त्याच्यापुढे ठेवणारा मध्यस्थ हवा. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीतून पुस्तिका करून या कामाचा आरंभ दाखवून दिला आहे. तो ग्रंथपालाच्या धर्माहून निराळा नाही.

मणिबेलीस पोहोचणे अशक्य आहे, असेही कोणी म्हणू नये. महाराष्ट्राच्या मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा पहिला, आणि त्यातील पहिले मतदान केंद्र मणिबेलीचे. निवडणूक आली की मतदानाचे साहित्य घेऊन कर्मचारी जलाशयातून तेथे जातात. नर्मदेच्या पाण्यावर तरंगता दवाखानाही फिरला आहे. राज्याला मत हवे असते, तेव्हा वाट सापडते. बडोद्याची पेटी आणि मन्नारगुडीची बैलगाडी ज्यांनी चालविली, त्यांस नाव चालविणे अवघड वाटले नसते.

मात्र आपल्या कायद्याची घडण निराळी आहे. प्रथम गावकऱ्यांनी संस्था काढावी, ग्रंथ जमवावे, सभासद मिळवावे, मग मान्यता व अनुदान मागावे. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयासाठी कर बसविला. महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही. ज्या गावाची शेतेच स्थिर राहिली नाहीत, त्याने आधी संस्था स्थिर करून दाखवावी, ही अपेक्षा कागदावर निर्दोष आणि डोंगरात निष्ठुर आहे. अशा ठिकाणी ग्रंथालयांचा संघ बोलू शकत नाही, कारण तेथे त्याचा सभासदच जन्मलेला नसतो. ग्रंथपालांचा संघ मात्र आपला मनुष्य तेथे पाठवू शकतो.

तेव्हा संघांकडून मागावयाचे ते फार नाही. खेड्यातील प्रत्येक ग्रंथपालास त्याच्या स्वतःच्या नावाने पत्र जावे. अडचण विचारण्यास एक ठिकाण असावे, आणि तेथून उत्तर यावे. मोठ्या ग्रंथालयातील अनुभवी ग्रंथपालाने वर्षातून एकदा लहान ग्रंथालयात चार दिवस राहावे. आणि अडल्यानडल्या ग्रंथपालासाठी एक निधी असावा. अमेरिकेत १९७० पासून मेरिट यांच्या नावाचा असा निधी आहे. वाचनस्वातंत्र्याची बाजू घेतल्यामुळे किंवा पक्षपातामुळे ज्या ग्रंथपालाच्या नोकरीवर गदा येते, त्यास त्यातून साहाय्य मिळते. आपल्याकडील गदा इतकी भव्य नसते. ती चार ओल्या पुस्तकांच्या किमतीचीही असते. म्हणूनच आपला निधी लहान असला तरी पुरेल.

रंगनाथन् यांच्या ग्रंथाविषयी अखेरचा अभिप्राय द्यावयाचा तर तो थोर ग्रंथ आहे, आणि प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने वाचावा असा आहे. त्याचा दिग्विजय मात्र अपुरा आहे, आणि तो पुरा करणे आता ग्रंथकर्त्याच्या हाती नाही. सूत्र मणिबेलीच्या काठावर येऊन थांबले आहे, आणि इकडे पायथ्याच्या गावी एक तरुण खिशातील किल्ली चाचपीत बसला आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयात जाल, तेव्हा पुस्तक मागण्यापूर्वी तेथील ग्रंथपालास एवढे विचारून पाहा : संघाचे पत्र तुमच्या नावाने येते काय?