‘दत्तक’ मैदानं

मुंबईतली मैदानं नि उद्यानं खासगी संस्थांकडे सोपवण्याचं धोरण महापालिकेनं जानेवारी 2016 मध्ये मंजूर केलं, ओरड झाली आणि मुख्यमंत्र्यांनी ते रोखलं, हे तुम्हाला आठवत असेल. आमचं भांडण त्यातल्या कलमांशी आहेच, पण आधी एका शब्दाशी आहे: ‘दत्तक’. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचं घर बदलतं, आडनाव बदलतं, वारसाही बदलतो. मग मैदान दत्तक गेलं की काय बदलतं? पाटीवर संस्थेचं नाव येतं, कुंपण येतं, वेळा ठरतात. काही मैदानांवर तर क्लब उभे राहिले. सभासद नसलेला माणूस दारातूनच परत फिरतो.

पालिकेकडे पैसा नाही म्हणे. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेबद्दल असं बोलायचं म्हणजे कमालच!

मग न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा दाखला येतो. ते शहर 1975 मध्ये खरोखरच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. 1980 मध्ये तिथे कॉन्झर्व्हन्सी ही संस्था निघाली, तिनं देणग्या जमवून बाग सावरली. मात्र मालकी शहराचीच राहिली. तरीही 2012 मध्ये एका धनिकानं तिला 10 कोटी डॉलर दिले, तेव्हा तिथल्याच लोकांनी विचारलं: गरीब वस्त्यांतल्या बागांचं काय? हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. देणगीदार आपल्या खिडकीतून दिसणारीच बाग निवडणार ना!

आम्ही म्हणतो, देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात बागेच्या नावानिशी दिसू द्या. संस्थांनी मदत जरूर करावी, पण करार देखभालीचाच हवा, मुदतीचा हवा, आणि फाटकाची एक किल्ली वॉर्ड ऑफिसात हवी.